अडीच फुटांची वाट

नांदगावच्या तिठ्यावर एस.टी.ची वाट बघत उभं राहिलं की कोकणच्या प्रवासाचा इतिहास आपोआप डोळ्यांपुढे येतो. एक रस्ता पश्चिमेला देवगडच्या बंदराकडे उतरतो. तोच रस्ता पूर्वेला फोंडाघाट चढून दाजीपूर-राधानगरीवरून निपाणीकडे जातो. मुंबई-गोवा महामार्ग त्याला आडवा छेदतो. आणि या सगळ्यांनंतर आलेली, म्हणून सगळ्यांत धाकटी, ती कोकण रेल्वे. तिच्या स्टेशनाचं नाव नांदगाव रोड. 26 जानेवारी 1998 रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचे 741 किलोमीटर सलग जोडले गेले. इथल्या म्हाताऱ्यांनी आगगाडीशिवायचं कोकण पाहिलेलं आहे. आगगाडी येऊन निघून गेलेलं कोकण मात्र कोणीच पाहिलेलं नाही.

म्हणून सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून फिरायला जाणं ही गोष्ट नांदगावकराला जरा विचित्रच वाटेल. इथे रुळांवर चालायचं मनात आणलं तरी रेल्वे कायदा 1989चं 147वं कलम आडवं येतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. शिवाय गाड्यांचा वेग असा, की कायद्याला मध्ये पडायची वेळच येऊ नये. अशी फेरी मारायची तर घाट चढून, देश ओलांडून थेट वऱ्हाडात जावं लागतं. तिथे यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना बांधणारी जवळजवळ 190 किलोमीटरची अरुंद वाट झुडपांत पडून आहे. तिचं सरकारी नाव कोणाच्या लक्षात नाही. लोक तिला शकुंतला म्हणतात.

शकुंतलेचे दोन पदर. मूर्तिजापूरहून दक्षिण-पूर्वेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारा 113 किलोमीटरचा, आणि मूर्तिजापूरहून उत्तरेला लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूरला पोचणारा 76 किलोमीटरचा. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट. ब्रॉडगेजच्या पाच फूट सहा इंचांपुढे हे खेळण्यासारखंच. मोठ्या माणसाला एकेका रुळावर एकेक पाय ठेवून आरामात उभं राहता येतं. पोराने एका रुळावर तोल सांभाळत चालावं आणि आईने दुसऱ्या रुळावरून त्याचा हात धरावा, असं या वाटेवर सहज जमतं. ब्रॉडगेजवर दोघांचे हात मध्येच सुटतील.

ही वाट माणसांच्या फिरण्यासाठी नव्हती. ती माणसांसाठीसुद्धा नव्हती. ती कापसासाठी होती.

1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यानंतर दहा वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस आटला. गिरणीवाल्यांनी मग नकाशावर काळी जमीन शोधायला सुरुवात केली, आणि पूर्णेच्या खोऱ्यात ती मैलोगणती पसरलेली होती. 1867 साली मुंबईहून निघालेली मोठी लाइन नागपुरास पोचली. पाठोपाठ जलंब ते खामगाव आणि बडनेरा ते अमरावती असे दोन छोटे फाटे निघाले. दोन्ही ठिकाणं कापसाच्या बाजारपेठा होत्या, हा योगायोग नव्हता. मुख्य लाइनपासून लांब राहिलेल्या यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अंजनगाव या भागांतला कापूस मात्र बैलगाड्यांनीच येत होता, आणि पावसाळ्यात चिकट काळ्या मातीत त्या गाड्यांची चाकं आसापर्यंत रुतत होती.

ही अडचण सोडवायला 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे होता. गाड्या चालवायच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आणि उत्पन्नाचा वाटा घ्यायचा कंपनीने, असा करार. 1910च्या दशकातच या लाइनी माल वाहू लागल्या. वर्धा जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी ही 35 किलोमीटरची धाकटी बहीणही त्याच घरची.

किलिक निक्सन हे नाव कोकणी वाचकाने जरा थांबून वाचावं. मुंबईहून देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला बोटी नेणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी एके काळी याच पेढीच्या व्यवस्थापनाखाली होती. म्हणजे देवगडच्या खाडीबाहेर नांगर टाकलेल्या बोटीतून पडावात उतरणारा चाकरमानी आणि दारव्ह्याच्या मालधक्क्यावर गाठी मोजणारा अडत्या, दोघांच्या प्रवासाचा हिशेब मुंबईच्या एकाच कचेरीत लिहिला जाई. फरक एवढाच की कोकणात माणसं हाच माल होता. समुद्र फुकट होता, त्यावर रूळ टाकावे लागत नव्हते. मग कोकणात रेल्वे कशाला बांधायची? हा प्रश्न त्या कचेरीत कोणी मोठ्याने विचारला असेल असं नाही. पण पुढची पाऊणशे-ऐंशी वर्षं कोकणाला त्याच प्रश्नाचं उत्तर देत बसावं लागलं.

पावसाळ्यात बोटी बंद होत. तेव्हा ज्याला मुंबई गाठायचीच असेल त्याने घाट चढावा आणि कोल्हापूर धरावं. कोल्हापुरास 1891 साली रेल्वे आली होती. तिथून पुण्यापर्यंत मीटरगेज, पुण्याला गाडी बदलून बोरघाट. त्या बोरघाटात आज महाराष्ट्रातल्या सर्वांत थोर मोडक्या रेल्वेमार्गाचे अवशेष आहेत. 1856 ते 1863 अशी सात वर्षं खपून जेम्स बर्कलेच्या आराखड्याप्रमाणे हा घाट बांधला गेला. जेमतेम 16 मैलांत 1800 फुटांहून जास्त चढ, 25 बोगदे. काम चालू असताना ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुरा करून दाखवला. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगर इतका उभा की वळण घ्यायला जागाच नव्हती. तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केलं होतं: गाडी कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन सोडून मागच्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. 26 जानेवारी 1869 रोजी एक मेल गाडी इथे थांबलीच नाही, ती सरळ टोकाबाहेर गेली. 1929 साली नव्या बोगद्यांची वाट झाली, विजेची इंजिनं आली आणि रिव्हर्सिंग स्टेशन रानाला दिलं. आज खंडाळ्याला सहलीला आलेली कुटुंबं वडापाव खात दरीकडे बोट दाखवतात. ते बोट बहुतेक वेळा धबधब्याकडे असतं. खाली दगडी बांधकाम दिसतं, ते कशाचं, हे सांगणारा घरात एखादाच असतो.

बोरघाटातली जुनी वाट संपली ती नवी, चांगली वाट मिळाली म्हणून. शकुंतलेचं तसं नाही. तिची वाट दुसरीने घेतली नाही. तिचा माल दुसऱ्याने नेला.

अरुंद लाइनचं दुखणं तिच्या अडीच फुटांतच होतं. यवतमाळला जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली गाठ छोट्या डब्यात चढायची, मूर्तिजापूरला उतरायची, पुन्हा ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढायची. प्रत्येक चढ-उताराला हमाल, वेळ आणि थोडा कापूस जायचा. रस्ते कच्चे आणि बैलगाडी हीच स्पर्धा होती तोवर हे खपलं. डांबरी रस्ते झाले, ट्रक जिनिंगच्या दारातून थेट गिरणीच्या दारात जाऊ लागला, आणि गाठींनी आगगाडी सोडली. ज्यांना ट्रक परवडत नव्हता ते उरले: बाजाराला जाणाऱ्या बाया, कारंज्याच्या गुरुमंदिराला निघालेले दत्तभक्त, शेतमजूर, शाळकरी पोरं. कापसासाठी बांधलेली गाडी शेवटी फक्त माणसांची झाली, आणि गंमत अशी की त्याच काळात तिच्यावर लोकांचा जीव जडला.

त्या गाडीच्या गोष्टी वऱ्हाडात घरोघर आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या असाव्यात. मँचेस्टरात 1921 साली घडलेलं झेड.डी. जातीचं वाफेचं इंजिन 1923पासून तिला ओढत होतं. ते 15 एप्रिल 1994 रोजी उतरवलं आणि डिझेल लावलं. सत्तर वर्षांहून जास्त काळ एकाच जुवाखाली! शेवटच्या काळात सारा पसारा जेमतेम सात माणसांवर चाले. गार्डच तिकिटं फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा चढायचा. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. सायकलवाला मनावर घेईल तर पुढे जाईल. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे रूळ हलवत राहते, त्यामुळे वेग वाढवणंही शक्य नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. सरकारी रेल्वे गाड्या चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायची. यावरून ‘इंग्रज गेले तरी वऱ्हाड अजून इंग्लंडला खंडणी देतं’ अशी बातमी वर्तमानपत्रांत दर काही वर्षांनी छापून येई. ती चवीने वाचली जाई. मुळात किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हातात आली होती, हे त्या बातमीत क्वचित असे. खंडणी कोणाला जात होती यापेक्षा रुळांवर काही खर्च होत नव्हता, ही बातमी जास्त मोठी होती. पण ती चवदार नव्हती.

2010 नंतरच्या दशकात दोन्ही पदरांवरच्या गाड्या एकेक करून थांबल्या. 2016 साली ब्रॉडगेज करण्यासाठी सुमारे 1500 कोटी रुपयांची घोषणा झाली. तेव्हा रेल्वेमंत्री होते सुरेश प्रभू, चार वेळा राजापूरचे खासदार राहिलेले, म्हणजे नांदगावकरांच्या मतावर निवडून आलेले. ज्या मतदारसंघाने नाथ पै आणि मधु दंडवते यांच्या तोंडून दिल्लीत रेल्वे मागितली, अ. ब. वालावलकरांसारख्या माणसाने ज्या रेल्वेसाठी आयुष्य वेचलं, तिथल्या माजी प्रतिनिधीच्या हाती वऱ्हाडच्या शंभरीतल्या रुळांची फाइल आली. फाइल पुढे सरकली, रूळ जागीच राहिले. अचलपूरकडे गाडी वाचवण्यासाठी आंदोलनं झाली. यवतमाळला दरम्यान दुसरीकडून, वर्ध्याहून नांदेडला जाणारी नवी मोठी लाइन येते आहे. तिचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024मध्ये सुरूही झाला.

तर आज या वाटेवर चालायला निघालेल्या कुटुंबाला काय दिसेल?

दिवाळीनंतर जावं. पावसाळ्यात गवत कमरेएवढं आणि त्यात काय असेल याचा नेम नाही. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडचं ऊन मुलांना घेऊन हिंडायचं नव्हे. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो आणि लाइनचं गणित न सांगता कळतं. बाभळी रुळांच्या मधूनच वर आल्या आहेत. जिथे गावाची पांदण लाइनला मिळते तिथे रूळ मातीत बुडाले आहेत आणि त्यांवरून ट्रॅक्टरची चाकं गेलेली दिसतात. स्लीपरवरून चालणं हा खटाटोपच: प्रत्येक स्लीपरवर पाय टाकावा तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून टाकावा तर ढांग लांब होते. मोठी माणसं दोन फर्लांगात कंटाळून कडेच्या पायवाटेवर उतरतात. पोरांना मात्र तोच खेळ होतो. ही पायवाट सहलीसाठी झालेली नाही. शेतावर जाणाऱ्या बाया, शेळ्या हाकणारी मुलं, सरपणाचे भारे आणि वेचणीला निघालेले मजूर यांनी ती मळली आहे. गाडी चालू होती तेव्हाही ती होती. बंद झाल्यावर तीच मुख्य वाट झाली, एवढंच.

मूर्तिजापूरहून उत्तरेचा पदर धरला तर पूर्णेचं खारपाण लागतं. इथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पिकालाही चालत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या भरवशावरची शेती: कापूस, तूर, हरभरा. सावली नाही, प्यायचं पाणी बरोबर न्यावं लागतं. लाखपुरीजवळ पूर्णा येते. पुढे दर्यापूर, जिथलं स्टेशन बनोसा या नावानं ओळखलं जाई. लहानशी छपराची स्टेशनं, तिकिटाची खिडकी, भिंतीवर पुसट झालेली नावं. दक्षिणेच्या पदरावर दारव्हा मोतीबाग असं एक स्टेशन आहे. इतक्या गोड नावाच्या ठिकाणी गाडी थांबत नाही, याची हळहळ ज्याने ती गाडी कधी पाहिली नाही त्यालाही वाटावी.

ज्या इंग्लंडच्या गिरण्यांसाठी ही वाट पडली त्या देशात अशा वाटांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. 1963 साली रिचर्ड बीचिंग यांनी तोट्यातल्या लाइनी बंद करण्याचा अहवाल दिला. त्यात सुमारे 5000 मैल रेल्वे आणि दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करायची शिफारस होती. गावोगाव शिव्याशाप झाले. पण पुढे त्यातल्या कितीतरी वाटांवरची खडी काढून सायकली आणि बाबागाड्यांसाठी सपाट रस्ते झाले. मँचेस्टरपासून फार लांब नाही अशा डर्बीशायरमधल्या डोंगरांतून 1968 साली बंद झालेली एक लाइन जाते. तिला आता मॉन्सल ट्रेल म्हणतात. तिचे जुने बोगदे दिवे लावून 2011 साली पायी चालणाऱ्यांना खुले केले. स्पेनने 1993पासून अशा वाटांना ‘हिरव्या वाटा’ असं नाव देऊन त्यांचं जाळंच विणलं. न्यूयॉर्कमध्ये मालगाड्यांचा उंच पूल 2009 साली बाग झाला. त्या बागेत फोटो काढून आलेली मराठी कुटुंबं पुण्या-मुंबईत शेकड्याने सापडतील. दारव्हा मोतीबागेत फोटो काढून आलेली शोधावी लागतील.

आपल्याकडे अशी हिरवी वाट का झाली नाही, याला एक सरळ कारण आहे आणि ते आळसाचं नाही. डर्बीशायरच्या माणसाला लाइन गेली तरी मोटार होती. दर्यापूरच्या मजुराला अजून गाडी हवी आहे. रूळ उखडून तिथे फुलझाडं लावा, असं त्याला सांगायला जाणं हा उद्धटपणा ठरेल. रूळ आहेत तोवर गाडी परत येईल अशी आशा असते, आणि ती आशा असेतो वाट रेल्वेचीच राहते. म्हणून शकुंतलेवरची फेरी ही दोन काळांच्या फटीतली फेरी आहे. उद्या ब्रॉडगेज झालंच तर हे स्लीपर, हे छपराचं स्टेशन, ही अडीच फुटांची मापं एका हंगामात नाहीशी होतील आणि मग तिथेही 147वं कलम आडवं येईल. नाहीच झालं, तर बाभळी पुढचं काम करतील. ज्याला मुलांना घेऊन चालायचं आहे त्याने फार वर्षं थांबू नये. बरोबर गावातला एखादा आजोबा घ्यावा, कारण कुठे फाटक होतं आणि कुठे गाडी हात केला की थांबायची, हे कोणत्याही पाटीवर लिहिलेलं नाही.

नांदगाव रोडच्या स्टेशनावर गाड्या बघायला नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना एक गाडी नेहमी चकित करते. 26 जानेवारी 1999 रोजी कोकण रेल्वेवर कोलाड ते गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत एक सेवा सुरू झाली. तिच्यात उघड्या वाघिणींवर भरलेले ट्रक ओळीने उभे असतात, चालक आपापल्या केबिनमध्ये बसलेले किंवा आडवे झालेले. सिग्नल पडतो, गाडी हळू होते, पोरं बोटांनी मोजायला लागतात: एक ट्रक, दोन ट्रक, तीन ट्रक… कुठल्याशा ट्रकवर ताडपत्रीखाली काय आहे ते कळत नाही, आणि मोजणी विसाच्या पुढे कुठेतरी चुकते.